निवासी हॉकी अकादमी की घरी राहून शाळा आणि क्लब? हो म्हणण्याआधी हे पाहा

मुलगी तेरा वर्षांची, हातात स्टिक छान बसलेली, आणि निवासी अकादमीच्या निवड चाचणीत तिचं नाव आलेलं. दोन आठवड्यांत हो की नाही ते कळवायचं. अशा घरांतून मला बरेचदा फोन येतात. मी सहा वर्षं एका निवासी हॉकी अकादमीच्या अभ्यासिकेत गणित शिकवलं आणि नंतर ज्या शाळेत गेले, तिथली बरीच मुलं घरी राहून क्लबात खेळायची. त्यामुळे दोन्हीकडचं रोजचं जगणं जवळून पाहिलं आहे.

आईवडील आधी विचारतात ते टर्फ (हॉकीचं कृत्रिम गवताचं मैदान) कसं आहे आणि प्रशिक्षक कोण आहेत. मी त्यांना उलट विचारते: स्पर्धेसाठी मूल चार दिवस बाहेर गेलं, तर त्या चार दिवसांत वर्गात झालेला धडा त्याला कोण शिकवणार, आणि कधी? दोन्ही पर्यायांची खरी तुलना या एका प्रश्नावर होते.

आधी अकादमीचा दिवस बघू. आमच्याकडे साडेपाचला उठणं, सहा ते आठ सराव, नऊ ते अडीच शाळा, साडेचार ते साडेसहा पुन्हा मैदान, आठ ते साडेनऊ अभ्यासिका, दहाला दिवे बंद. कागदावर हे फार सुरेख दिसतं. प्रवासात एक मिनिट वाया जात नाही, सगळ्या मुलांचं वेळापत्रक एकच, आणि अभ्यासाला बसायचं की नाही यावर रोजची वादावादी नाही. शिस्त अंगी लागते ती खरीच लागते.

पण हिशेब मांडा. दहा ते साडेपाच म्हणजे साडेसात तास झोप. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास सांगितले आहेत. आणि दिवसाला चार तास धरले, तर पाच दिवसांतच वीस तास सराव होतो, शनिवारचा सामना वेगळा. अमेरिकेतल्याच नॅशनल अॅथलेटिक ट्रेनर्स असोसिएशनची, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेची, २०१९ ची शिफारस अशी आहे की मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्याला त्याहून जास्त तास एका खेळाचा सराव नको, आणि आठवड्यातले दोन दिवस पूर्ण सुट्टीचे हवेत. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीला तेरा तास. मुलं उंच होण्याच्या भरात असतात तेव्हा हे फार जपावं लागतं. हॉकीत तर कंबरेत वाकूनच धावायचं असतं, त्यामुळे पाठीच्या खालच्या भागावर ताण येतो.

अभ्यासिकेतली एक संध्याकाळ मला अजून आठवते. आमची एक गोलकीपर, दहावीतली, समोर वर्गसमीकरण. उजव्या हाताच्या दोन बोटांना एकत्र पट्टी, त्यामुळे पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलेलं. तिने सूत्र बरोबर लिहिलं, किमतीही बरोबर घातल्या, आणि वर्गमुळाच्या चिन्हाची वरची रेघ ओढता ओढता पेन वहीभर घसरत खाली गेलं. झोप लागली होती. पुढच्या पानावर तीच रेघ उमटली होती. ती मुलगी अजिबात आळशी नव्हती, गणितात कच्चीही नव्हती. तिच्या डोक्याने साडेआठलाच दिवस संपवला होता. पुढे आम्ही खूप भांडून गणिताचा तास सकाळच्या सरावानंतर लगेच घ्यायला लावला आणि रात्री फक्त वाचन, नकाशे, वह्या पूर्ण करणं असलं हलकं काम ठेवलं. वर्षाअखेरीस तिच्याच उत्तरपत्रिकेत फरक दिसला. म्हणून अकादमीला अभ्यासाला किती तास देता एवढंच विचारू नका, अवघड विषय दिवसाच्या कोणत्या वेळेला आहेत तेही विचारा.

आता घरचा पर्याय. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी सामना, असा सर्वसाधारण क्लबचा भार सहा-सात तासांचा असतो. शरीराला पुरेशी विश्रांती मिळते. आजारी पडलं तर आई ओळखते. शाळेतले शिक्षक खेळाडू म्हणून सूट देत नाहीत, पण बुडालेल्या धड्याची वही शेजारच्या मैत्रिणीकडून त्याच संध्याकाळी मिळते. हे मी फार मोठं बळ मानते. अकादमीत वर्गातली सगळीच मुलं एकाच वेळी स्पर्धेला जातात, मग वही मागायची कोणाकडे?

घरच्या वाटेचं नुकसानही सांगायलाच हवं. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते, चेंडू त्याच बाजूने खेळायचा. रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी करून, चेंडू थांबवणं, वळवणं, मारणं हे हजारदा केल्याशिवाय हातात येत नाही. पेनल्टी कॉर्नरला (समोरच्या संघाच्या चुकीमुळे मिळणारी गोलची संधी) चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावायची ड्रॅग-फ्लिकही तशीच. तीन संध्याकाळींत वीस मुलांत एकच प्रशिक्षक असेल, तर तेवढी आवर्तनं होत नाहीत. शिवाय जाण्यायेण्यात पाऊण पाऊण तास गेला, तर ती मुलगीही नऊ वाजताच वही उघडते, आणि मग घरात असूनही तिची गत आमच्या गोलकीपरसारखीच होते. घरी राहिलं म्हणजे अभ्यास आपोआप होतो, असं समजू नका.

तिसरा मार्ग म्हणजे नियमित शाळा सोडून दूरस्थ शिक्षण घ्यायचं आणि दिवसभर खेळायचं. त्याबद्दल थोडक्यात सांगते: जे मूल स्वतःहून पुस्तक घेऊन बसतं त्यालाच हे झेपतं, आणि सोळाच्या आत असं मूल मी क्वचितच पाहिलं. मी सुचवत नाही.

दुखापतीचा मुद्दा जाहिरातींत कुठेच नसतो, पण निर्णयात तो असायलाच हवा. घोटा मुरगळला तर मूल मैदानावर जात नाही, अभ्यास मात्र करू शकतं. चेंडू किंवा स्टिक डोक्याला लागून मेंदूला हादरा बसला, तर गोष्ट वेगळी. पहिले एक-दोन दिवस शरीराला आणि डोक्यालाही विश्रांती लागते, स्क्रीन कमी करावी लागते, मग हळूहळू वाढवत जायचं. आधी मूल पूर्णपणे शाळेत परतायला हवं, पूर्ण खेळ त्यानंतर. म्हणजे त्या काळात शिक्षकाला आणि प्रशिक्षकाला एकच माहिती असायला हवी. ज्या ठिकाणी मी काम केलं, तिथे एकदा डोक्याला लागलेल्या मुलाची नोंद मैदानाच्या वहीत होती आणि अभ्यासिकेत मला त्याची कल्पनाच नव्हती. मी त्याला चाचणी द्यायला लावली. त्याने डोकं धरून दोन प्रश्न सोडवले, तेव्हा मला कळलं. ती चूक आजही मला टोचते. घरी ही माहिती आईकडे असते आणि आई दोन्हीकडे फोन करते. अकादमीत ते काम कोणाचं आहे, त्या माणसाचं नाव विचारून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. चौदाच्या आत, जवळ बरा क्लब असेल तर घर. बारा-तेराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून दार बंद झालं असं नसतं. कॅनडात आइस हॉकीच्या निवडीचा अभ्यास रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये मांडला, तेव्हाच दिसलं होतं की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर निवडली जातात. आपल्या वयोगटात ती काही महिन्यांनी मोठी, म्हणून अंगाने थोडी पुढे असतात, एवढंच. पंधरा-सोळानंतर, मुलीला स्वतःला जायचं असेल आणि बुडालेल्या धड्याचं उत्तर समाधानकारक मिळालं, तर अकादमी. घराजवळ टर्फ नाही, प्रशिक्षक नाही, अशी स्थिती असेल तर वयाची अट मीही थोडी सैल करेन. पण मग सरावाचे तास वयाप्रमाणे कमी करायला अकादमी तयार आहे का, ते लेखी घेईन.

म्युनिकला १९७२ मध्ये कांस्यपदक जिंकलेल्या भारतीय संघातले वेस पेस वैद्यकीय डॉक्टरही होते. मुलांना हे जरूर सांगा, त्यांना बळ येतं. तुमच्या मुलीचं वेळापत्रक ठरवताना मात्र तिच्याकडेच बघा.

अकादमी बघायला जाल तेव्हा सकाळच्या सरावाला बोलावतील, तिथे सगळंच देखणं असतं. तुम्ही रात्री साडेआठला अभ्यासिकेत जाऊ द्या म्हणा. किती मुलं पेंगली आहेत, खोलीत शिकवणारं माणूस आहे की नुसता पहारा, ते बघा. मग गेल्या स्पर्धेला गेलेल्या एखाद्या मुलाला त्याची गणिताची वही दाखवायला सांगा, आणि त्या चार दिवसांच्या तारखांची पानं भरली आहेत की कोरी, ते उलटून बघा.