सगळ्यांना पाण्यावर नेणाऱ्या संस्था: सातारा-सांगलीनं कुणाचा कित्ता गिरवावा?

आपल्या दोन जिल्ह्यांत पाण्याला तोटा नाही. कोयनेचा शिवसागर आहे, धोम, कण्हेर, उरमोडी आहे, वारणेवर चांदोली आहे आणि सांगलीच्या घाटांना लागून कृष्णा वाहते आहे. पण त्या पाण्यावर जातं कोण? तापोळा-बामणोलीला लाँचमधून फेरी मारणारा पर्यटक, मासेमार, आणि पलीकडच्या गावचा माणूस, कारण त्याला दुसरा रस्ता लांब पडतो. जावळीतल्या मुनावळ्याला सरकारनं २०२४ मध्ये जलक्रीडा केंद्र सुरू केलं, तेही मुख्यतः पर्यटकासाठी. व्हीलचेअरवरचं पोर, वसतिगृहातली मुलगी किंवा दृष्टिहीन विद्यार्थी यांतल्या कुणाच्या हातात सुकाणू आलेलं निदान मी तरी पाहिलेलं नाही.

जगात काही धर्मादाय संस्था नेमकं हेच काम करतात. शिडाची होडी ही श्रीमंतांची मिरास राहू नये, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. इथल्या एखाद्या शाळेला, मंडळाला किंवा देणगी द्यायला निघालेल्या साखर कारखान्याला असं काही उभं करायचं असेल, तर कोणता नमुना घ्यावा याचा हा आढावा. तुलना करताना मी दोनच गोष्टी पाहतो. माणूस काठावरून होडीत कसा उतरतो? आणि तोच माणूस पुढच्या वर्षी परत येतो का? होडी किती भारी आहे, हा प्रश्न माझ्या लेखी फार मागचा आहे.

मोठं जहाज की लहान होडी

सगळ्यात देखणा नमुना ब्रिटनच्या ज्युबिली सेलिंग ट्रस्टचा. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं ‘लॉर्ड नेल्सन’ आणि ‘टेनेशियस’ ही उंच डोलकाठ्यांची दोन मोठी जहाजं खास बांधून घेतली. मजल्यांमध्ये व्हीलचेअरसाठी लिफ्ट, रुंद डेक, दृष्टिहीनांसाठी बोलणारं होकायंत्र. खलाशांत अपंग आणि धडधाकट माणसं मिसळलेली, आणि पहाऱ्यापासून स्वयंपाकापर्यंत कामं सगळ्यांना. ‘टेनेशियस’ बांधतानासुद्धा अपंग स्वयंसेवकांचे हात लागले होते.

पण मोठं जहाज पोसायला खजिना लागतो. दुरुस्ती, विमा, पगारी कप्तान, बंदराचं भाडं हे सगळं जहाज उभं असलं तरी चुकत नाही. ‘लॉर्ड नेल्सन’ २०१९ मध्ये सेवेतून काढावं लागलं आणि २०२३ मध्ये संस्थाच बंद पडली. कल्पना खोटी नव्हती, तिचा रोजचा खर्च मात्र पेलवला नाही. आपल्याकडं मोठा ‘फ्लोटिंग’ प्रकल्प करून फीत कापायची हौस असलेल्यांनी हे आधी वाचावं.

याच्या अगदी उलट टोकाला आहे सेलेबिलिटी. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये या नावानं तलावातलावांवर छोटी केंद्रं चालतात, बहुतेक स्वयंसेवकांच्या जिवावर. त्यांची लाडकी होडी म्हणजे हान्सा. हान्सा ३०३ ही जेमतेम तीन मीटरची, दोघांची होडी. तळाला वजनदार पातं असल्यानं ती सहजी उलटत नाही. बसणारा पुढं तोंड करून खोल बसतो, त्यामुळं शीड या बाजूचं त्या बाजूला गेलं तरी त्याला जागा बदलावी लागत नाही. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी एवढी एक सोय म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखी. सुकाणूला जॉयस्टिक असते, आणि हाताला बळ नसेल तर विजेच्या मोटरीची जोड देता येते.

हे कुठवर ताणता येतं ते हिलरी लिस्टर यांनी दाखवलं. मानेखालचं शरीर निकामी झालेल्या या ब्रिटिश बाईंनी २००९ मध्ये एकटीनं होडी हाकत ब्रिटनला प्रदक्षिणा घातली. तोंडातल्या नळ्यांत फुंकून आणि ओढून त्या सुकाणू आणि शीड फिरवत. अर्थात त्यांची होडी खास बनवलेली होती आणि मागं मदतीचा ताफा होता. आपल्याला कोयनेला प्रदक्षिणा घालायची नाही, पण ‘याला नाही जमायचं’ असं कुणाच्या पोराबद्दल म्हणण्याआधी हे नाव आठवावं.

तरी सेलेबिलिटीची खरी करामत होडीत नाही, धक्क्यावर आहे. तिथं एक छोटी यारी, म्हणजे क्रेन, असते. झोळीत बसलेल्या माणसाला ती उचलते आणि अलगद होडीत ठेवते. चौघांनी काखेत धरून उचलायचा तमाशा होत नाही, आणि माणसाची लाजही राहते. आपली अडचण नेमकी इथं आहे. शिवसागराची क्षमता १०५ टीएमसीच्या घरात. भरलेल्या आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या कडेत इतकं अंतर पडतं, की दिवाळीत जिथं होडी लागते तिथं मे महिन्यात भेगाळलेला चिखल असतो. कृष्णेचं तर विचारूच नका. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोका पातळी, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढलेलं. सिमेंटचा पक्का धक्का बांधलात तर वर्षातले थोडेच महिने कामाचा. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का आणि त्याला जोडलेला सरकता उतार हवा.

मुलं: खेळाडू घडवायचे की उन्हाळा द्यायचा

हैदराबादचा यॉट क्लब हा आपल्याला सगळ्यात जवळचा दाखला. २००९ मध्ये हुसेनसागरावर सुरू झालेल्या या क्लबनं सरकारी आणि संस्थांच्या शाळांतली, मजुरांच्या घरची पोरं होड्यांत बसवली आणि त्यांतल्या कित्येकांनी राष्ट्रीय पातळीवर पदकं आणली. समुद्र नाही, बापजाद्यांची परंपरा नाही, तरी हे झालं. त्यांची होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट: २.३ मीटर लांब, सुमारे ३५ किलो, एक शीड, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला क्लार्क मिल्स यांनी ती आखली तीच मुळी कमी पैशांत पोरांना होडी मिळावी म्हणून. आज ती जगभरच्या महागड्या क्लबांतही दिसते, तो भाग वेगळा.

या वाटेचा फायदा उघड आहे: पदक आलं की वर्तमानपत्र येतं, मागोमाग देणगीदार येतो. तोटाही तिथंच. जिंकणारी पाच मुलं दिसतात, उरलेली हळूहळू गळतात. शिवाय अपंग मुलांसाठी ही शिडी वरून तुटलेली आहे, कारण रिओ २०१६ नंतर पॅरालिम्पिकमधून शिडाच्या होड्याच काढून टाकल्या. पॅरा कनू, म्हणजे अपंगांची वल्ह्याच्या होडीची शर्यत, मात्र आहे. मध्य प्रदेशची प्राची यादव भोपाळच्या तलावावर तयार झाली आणि टोकियो पॅरालिम्पिकपर्यंत गेली.

बोस्टनचं कम्युनिटी बोटिंग याहून वेगळ्या विचाराचं. चार्ल्स नदीवर १९४६ पासून ही संस्था रीतसर चालते, आणि मुलांची फी घरच्या उत्पन्नावर ठरते, सुरुवात एका डॉलरपासून. ती फुकट ठेवत नाहीत, हे मला फार पटतं. फुकटच्या शिबिराला आपल्याकडं पहिल्या दिवशी दीडशे आणि चौथ्या दिवशी वीस पोरं असतात, हे ज्यानं शिबिर घेतलंय त्याला सांगायला नको. कमी का होईना, फी भरली की आईबाप पोराला उठवून पाठवतात. आणि डॉक्टरचं पोर आणि हमालाचं पोर एकाच होडीत, कुणी किती भरले ते न कळता.

आजारातून उठलेल्यांसाठी

ब्रिटनमधला एलन मॅकआर्थर कॅन्सर ट्रस्ट २००३ पासून ८ ते २४ वयाच्या, कर्करोगाच्या उपचारांतून बाहेर पडलेल्या मुलांना काही दिवसांच्या सफरीवर नेतो. शर्यत नाही, प्रमाणपत्र नाही. मुलं पुढच्या वर्षी परत येतात, मोठी झाली की काही जण स्वयंसेवक होतात. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर कुणाकडं नाही. मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, तेव्हा हा विचार इथं सुचणं साहजिक आहे. पण त्याला आधी डॉक्टरांची साथ आणि शिकलेले हात हवेत. पहिल्याच वर्षी याला हात घालू नका.

मग आपल्याला काय?

साताऱ्याकडं धोम किंवा कण्हेरच्या पाण्यावर सेलेबिलिटीचा साचा आणि बोस्टनची फी, हे माझं मत. कोयनेचा मोह होईल, पण तिथं अभयारण्याचा भाग लागतो, जलसंपदाच्या जोडीला वन विभागाचीही परवानगी लागते, आणि डोंगरांच्या खोबणीतून वारा कधी कुठून येईल याचा भरवसा नाही. शिकाऊ माणसाला मोकळं, वाई किंवा सातारा शहराच्या जवळचं पाणी बरं. जवळचं यासाठी, की दर आठवड्याला एसटीनं किंवा शाळेच्या गाडीनं येता आलं पाहिजे.

सांगलीनं शिडाच्या नादी लागूच नये. कृष्णा अरुंद, दोन्ही काठ उंच, वारा खाली पोचत नाही. तिथं वल्हं चालतं. होड्यांच्या शर्यती सांगलीकरांच्या अंगात आहेत, माई घाटावर पोहणारी माणसं आहेत. त्यांच्याच क्लबांना दोन-चार रुंद, स्थिर कयाक जोडून दिल्या तर भोपाळची वाट इथंही निघू शकते. हैदराबादचा नमुना दोन्ही जिल्ह्यांनी नंतर घ्यावा, एखादं पोर खरंच चमकायला लागलं की त्याला तिकडं पाठवावं.

सुरक्षिततेबद्दल सांगलीला कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली, ते अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून पैसे कुणाला द्यायचे हे ठरवताना संस्थेला होड्या किती आहेत ते विचारू नका. प्रत्येक मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, मदतीची मोटरबोट प्रत्येक वेळी पाण्यात असते का, आणि जून ते सप्टेंबर केंद्र बंद ठेवायची त्यांची तयारी आहे का, हे विचारा. पावसाळ्यातही चालू ठेवू म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा.

खर्चाचा क्रमही मी उलटा लावीन. आधी तरंगता धक्का आणि यारी, मग जॅकेटं आणि मदतीची बोट, मग दोन माणसांचं रीतसर प्रशिक्षण, आणि उरलेल्या पैशांत दोनच होड्या. तिसऱ्या होडीसाठी देणगीदार आपोआप मिळतो, तिच्यावर त्याचं नाव रंगवता येतं. यारीवर नाव घालायला कुणी पुढं येत नाही, म्हणून ती पहिल्या पैशांत घ्यायची.