हलका कॅम्पर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

निवृत्तीनंतर गाडीमागे ओढून न्यायचा छोटा कॅम्पर घ्यायचा, हे आमचे केव्हाच ठरले होते. कोणता घ्यायचा, यावर मात्र दीड वर्ष गेले. तो घेऊन आता आठ महिने झाले, नऊ हजार किलोमीटर ओढून झाला आणि ७१ रात्री आम्ही दोघे त्यात झोपलो. मी ६४ वर्षांची, यजमान ६९ वर्षांचे, आणि दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी एकच भरवशाचा आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचे बरेचसे मत त्या गुडघ्यांचेच आहे.

निवड करताना तीन प्रकार समोर होते. थेंबाच्या आकाराचा, ज्यात फक्त झोपता येते आणि ज्याचा ओटा मागचे झाकण उचलून बाहेर उभ्यानेच वापरावा लागतो, तो सर्वांत हलका. पण पाऊस लागला की दोन माणसांनी दिवसभर आडवे पडून राहायचे, हे आम्हाला मानवणारे नव्हते. छप्पर वर उचलण्याचा दुसरा प्रकार रस्त्यावर ठेंगणा राहतो, त्यामुळे वारा कमी अडतो, परंतु दुकानात ते छप्पर उचलताना यजमानांच्या खांद्यात कळ आली आणि तो विषय तिथेच संपला. शेवटी फायबरग्लासच्या दोन कवचांचा, अंड्यासारखा गोल, एका आसाचा कॅम्पर घेतला. या बांधणीचा एक जुना नमुना म्हणजे १९६८ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे तयार झालेला बोलर. त्याचे जनक रे ओलेको यांनी त्याआधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी बनवली होती, ही माहिती यजमान भेटेल त्याला ऐकवतात. लाकडी सांगाड्याच्या कॅम्परमध्ये जोडांमधून पाणी झिरपून लाकूड आतल्या आत कुजण्याची भीती असते, तर इथे मुख्य सांधा एकच, कमरेभोवतीचा. खिडक्यांच्या आणि छपरावरील झडपेच्या कडा मात्र इथेही दरवर्षी तपासाव्या लागतात.

आता वजनाविषयी. माहितीपत्रकात रिकामे वजन ६४० किलो आणि सामानासह कमाल मर्यादा ८५० किलो होती, आणि मधले २१० किलो दोघांना भरपूर झाले, असा हिशेब आम्ही घरी बसून केला होता. त्या ६४० किलोंमध्ये बॅटरी धरलेली नव्हती, गॅसची टाकी नव्हती, जादा चाक नव्हते, सोलर पॅनल नव्हते; ज्या वस्तूंवाचून कॅम्परचे पान हलत नाही, त्याच जादा सामान ठरल्या आणि त्यांनी साठ किलोंहून अधिक खाल्ले. दुसऱ्या महिन्यात सगळे भरून, पन्नास लिटरची पाण्याची टाकी काठोकाठ करून आम्ही वजनकाट्यावर गेलो, तेव्हा आकडा ८७२ आला. काट्यावरच्या माणसाने पावती देताना काही म्हटले नाही, पण यजमानांनी ती दोनदा वाचली.

त्यानंतर आम्ही मुक्कामी लावायचा २४ किलोंचा मंडप घरी ठेवला, जो तोवर तीनदाच उभारला होता. पाणी एका लिटरला एक किलो या सरळ हिशेबाने प्रवासात दहा लिटरच ठेवतो आणि टाकी मुक्कामी पोचल्यावर भरतो. २६ किलोंची शिसे-आम्लाची बॅटरी काढून १२ किलोंची लिथियम आयर्न फॉस्फेटची बसवली. पहिलीतून निम्मीच वीज काढणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने बरे असते, दुसरीतून ऐंशी-नव्वद टक्के काढता येते, त्यामुळे वजन निम्म्याहून कमी होऊनही वापरायला वीज जास्त मिळाली. पुढच्या फेरीला काट्याने ७९४ दाखवले. माझ्या मते कॅम्पर पाहायला गेल्यावर रिकाम्या वजनाआधी एकच प्रश्न विचारावा : बॅटरी, गॅस, चाक आणि पाणी धरून सामानासाठी किती किलो उरतात?

एकूण वजनाइतकेच महत्त्वाचे असते ते वजन कुठे ठेवले आहे, आणि हा धडा आम्हाला एका उतारावर मिळाला. अवजारे, पाण्याचे कॅन आणि घडीच्या खुर्च्या मागच्या कपाटात भरल्या होत्या. ताशी ९० च्या वेगात शेजारून एक ट्रक पुढे गेला आणि मागून कोणीतरी शेपूट धरून हलवावी तशी गाडी डुलू लागली. मी ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवले नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढून चाक सरळ धरून ठेवले. दहाएक सेकंदांत डुलणे थांबले, ती दहा सेकंदे फार लांब होती. संध्याकाळी कॅम्परच्या पुढच्या जोडणीच्या तोंडाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरचा वजनकाटा ठेवून गाडीच्या हुकावर पडणारा भार मोजला, तो जेमतेम ३४ किलो भरला. हा भार युरोपात साधारणपणे कॅम्परच्या भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के, तर उत्तर अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के ठेवण्याची पद्धत आहे. त्याची वरची मर्यादा गाडी आणि हूक या दोहोंच्या कागदांत दिलेली असते, तिच्या पलीकडे जायचे नाही. आम्ही जड सामान आसाच्या वर, जमिनीलगत आणले आणि भार ५६ किलोंवर नेला. तेव्हापासून तसे डुलणे झालेले नाही. वेगही ८० वरच ठेवते, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून जास्त होतो. एरवी लिटरला सोळा किलोमीटर चालणारी गाडी कॅम्परसह अकरा चालते.

रिव्हर्स घेणे माझ्याकडे आले, कारण यजमानांची मान पुरेशी वळत नाही. लहान ट्रेलर मागे घ्यायला सोपा, असे आम्हाला सांगण्यात आले होते, ते चूक निघाले. तो जितका आखूड, तितका पटकन वाकडा होतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि कॅम्परची शेपूट जिकडे न्यायची, तिकडे तो हात न्यायचा, एवढी एक युक्ती कळल्यावर पंधरा दिवसांत जमले. हलकेपणाचे खरे सुख मात्र जागेवर कळते : सपाट जमिनीवर हूक सोडून आम्ही दोघे त्याला हातांनी दोन-तीन फूट सरकवू शकतो.

झोपण्याची सोय ही आमची सर्वांत मोठी चूक. टेबल खाली करून, गाद्यांचे चार तुकडे जुळवून पलंग करायचा, ही कल्पना दुकानात गमतीची वाटली. रोज रात्री कंबर वाकवून ती करताना आठवड्यात कंटाळा आला. शिवाय पलंग आडवा असल्याने आतल्या माणसाला रात्री उठायचे झाले की बाहेरच्याला ओलांडावे लागे, आणि या वयात एकदा तरी उठावे लागतेच. सहाव्या आठवड्यात टेबल घरी ठेवले आणि दोन अरुंद पलंग कायमचे लावून टाकले. शौचालयाची कॅसेट, म्हणजे खालची बाहेर काढून रिकामी करायची मैल्याची टाकी, १८ लिटरची आहे, ती पूर्ण भरली की वीस किलोंच्या आसपास जाते. म्हणून ती निम्मी झाली की मी रिकामी करून आणते.

थंडीत खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवर सकाळी पाणी जमते, हे अपेक्षित होते, पण एकदा गादी उचलली तर तिची खालची बाजू ओलसर लागली. तिच्याखाली आता लाकडी पट्ट्यांची जाळी आहे आणि कितीही गारठा असला तरी छपरावरची झडप बोटभर उघडी ठेवतो.

चाकांचे नट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागले. टायरच्या कडेवर चार अंकी खूण असते, पहिले दोन अंक निर्मितीच्या आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ती मी पाचव्या महिन्यात प्रथम वाचली, तेव्हा नवा म्हणून घेतलेल्या आमच्या कॅम्परचे टायर विक्रीच्या दिवशीच तीन वर्षांचे होते, हे समजले. विक्रेत्याने ते सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने निकामी होतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसत असली तरी पुढच्या वर्षी दोन्ही बदलणार आहोत.