तुर्काना तलाव: सिबिलोईला जायचं की सेंट्रल आयलंडला?

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे त्यामुळे केनियाला जाणारे वाढलेत, पण बहुतेक जण मसाई मारा करून परत येतात. पार उत्तरेला वाळवंटात तुर्काना तलाव आहे, तिथली सिबिलोई, सेंट्रल आयलंड आणि साउथ आयलंड ही तीन उद्यानं मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा आहे. साउथ आयलंड मी बाजूला ठेवते, ठरवायचं असतं ते उरलेल्या दोघांत.

जीवाश्मांसाठी जाणार असाल तर सिबिलोईच, दुसरा विचारच नको. आदिमानवाच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेलं कूबी फोरा याच उद्यानात येतं, १९७२ मध्ये जीवाश्म-संशोधक रिचर्ड लीकींच्या टीममधल्या बर्नार्ड न्गेनेओंना इथेच आदिमानवाच्या त्या प्रसिद्ध '१४७०' क्रमांकाच्या कवटीचे तुकडे सापडले, जवळपास १९ लाख वर्षांपूर्वीचे! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे प्राचीन हत्ती आणि राक्षसी कासवाचे जीवाश्म सापडले त्याच जागी जपून ठेवलेत, शिवाय दगड झालेली झाडाची खोडं, म्हणजे आज जिथे काटेरी झुडपं सोडून काही दिसत नाही तिथे एकेकाळी जंगल होतं हे डोळ्यांनी दिसतं. ग्रेव्ही झेब्रा, ओरिक्स आहेत, पण मारासारखे कळप दिसणार नाहीत. रस्ता मात्र खडतर, तलावाकाठच्या लोयांगलानी गावाकडून फोर बाय फोर, पाणी-डिझेल-जेवण सगळं बरोबर, नाहीतर चार्टर विमान आणि तो खर्च खूप.

सेंट्रल आयलंड त्यामानाने सोपं. नैरोबी ते लोडवार विमान, पुढे गाडीने किनारा आणि मग बोट, फक्त तलावावर वारा जोरात सुटतो म्हणून एक दिवस हातात जास्तीचा ठेवा. ज्वालामुखीचं बेट, आत तीन विवर-तलाव आणि नाईल मगरींची मोठी वीण. फ्लेमिंगोंसाठी एवढं लांब जाऊ नका, ते आपल्याला शिवडी-ऐरोलीला दिसतात, इथे जायचं ते मगरींसाठी. जीवाश्मांची अपेक्षा ठेवू नका.

आईबाबा बरोबर असतील किंवा आठवडाभरच सुट्टी असेल तर सेंट्रल आयलंड करा आणि नैरोबीच्या नॅशनल म्युझियममध्ये 'तुर्काना बॉय' या आदिमानवाच्या मुलाचा सांगाडा बघा, तोही याच तलावाच्या पश्चिम काठी १९८४ मध्ये मिळालेला. दोन आठवडे आणि चांगला ग्रुप असेल तर सिबिलोई, आणि फार पुढे ढकलू नका कारण तलावाचं बहुतेक पाणी इथिओपियाच्या ओमो नदीतून येतं, तिच्यावर धरणं झालीत आणि २०१८ पासून ही जागा धोक्यातल्या वारशांच्या यादीत आहे.

यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, परत येताना मुंबई एअरपोर्टवर सर्टिफिकेट मागतात.