ब्रिटन की नेदरलँड्स: उद्यमबागेतल्या एका कल्पनेसाठी दोन व्हिसा

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री (धातू साच्यात ओतून सुटे भाग बनवण्याचा कारखाना) चालवणाऱ्या माझ्या भाच्याने साच्याच्या वाळूतील ओलावा मोजणारे उपकरण तयार केले असून, ते युरोपात विकण्यासाठी तिकडे जाऊन व्यवसाय सुरू करायचा तर त्याच्यापुढे दोन व्हिसांच्या वाटा आहेत.

ब्रिटनने एप्रिल 2023 मध्ये ‘इनोव्हेटर फाउंडर’ व्हिसा सुरू करताना 50,000 पौंडांच्या किमान गुंतवणुकीची जुनी अट काढून टाकली. मात्र कल्पना नवी, व्यवहार्य आणि वाढण्याजोगी आहे, असे मान्यताप्राप्त संस्थेकडून लिहून घ्यावे लागते, त्यासाठी 1,000 पौंड शुल्क पडते आणि पुढे प्रगती तपासणाऱ्या किमान दोन बैठकांचे प्रत्येकी 500 पौंड वेगळे. व्हिसा तीन वर्षांचा असतो, आणि निकष पूर्ण झाले तर त्यानंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. पुराव्यादाखल जोडलेला कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर लागते. आमच्याकडचे सातबारा-उतारे कन्नडमध्ये असल्याने हा खर्च आधीच धरावा.

नेदरलँड्सचा स्टार्टअप परवाना एकाच वर्षाचा. तिथे मान्यताप्राप्त मार्गदर्शकाशी लेखी करार करावा लागतो, आणि तो जवळचा नातेवाईक असून चालत नाही (म्हणजे तिकडच्या मामाचा उपयोग नाही). वर्षअखेरीस स्वयंरोजगाराच्या परवान्याकडे वळावे लागते.

यंत्र विकायचे तर आधी ते गिऱ्हाइकाच्या फाउंड्रीत महिनोन्‌महिने चालवून दाखवावे लागते. त्यामुळे वर्षभराची मुदत मला तोकडी वाटते आणि खर्चिक असूनही मी ब्रिटनच्या बाजूने आहे. सॉफ्टवेअरवाल्याला मात्र मी नेदरलँड्सच सुचवले असते.