काचबिंदू: थेंब, लेझर की शस्त्रक्रिया?

काचबिंदू निघाला म्हटलं की घरचे लगेच विचारतात, "मग ऑपरेशन कधी?" हा प्रश्न मोतीबिंदूच्या अनुभवातून येतो. मोतीबिंदूत गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचता येतं. काचबिंदूत भिंगाला काही झालेलं नसतं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते आणि सुकलेला भाग परत येत नाही. थेंब, लेझर आणि शस्त्रक्रिया या तिन्हींचं काम एकच आहे, डोळ्याचा दाब उतरवणं. उरलेली नजर टिकवण्यासाठी हे केलं जातं. म्हणून "फरक पडला का?" या कसोटीवर उपाय निवडायला गेलात तर फसाल. उपचार उत्तम लागू पडला तरी तुम्हाला काहीच जाणवणार नाही.

आधी कोन कोणता ते कळू द्या

डोळ्यात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं. ते रंगीत पडद्याच्या, म्हणजे आयरिसच्या, मागून बाहुलीतून पुढे येतं आणि आयरिस व कॉर्निया (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक, काचेसारखा भाग) जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे पण जाळीच तुंबली आहे, हा खुल्या कोनाचा काचबिंदू. आयरिसच पुढे सरकून जाळीवर बसली, हा बंद कोनाचा. दोन्हीत दाब वाढतो, पण इलाज वेगळे आहेत.

कोन पाहायची तपासणी म्हणजे गोनिओस्कोपी. डोळा बधिर करणारा थेंब टाकून आरशाचं छोटं भिंग डोळ्यावर टेकवतात, खोलीतला प्रकाश कमी ठेवतात आणि काही मिनिटांत काम होतं. दुखत नाही. तरी गर्दीच्या ओपीडीत नेमकी हीच तपासणी राहून जाते. तुमच्या फायलीत कोनाबद्दल एक ओळही नसेल तर उपाय ठरवण्याआधी ती करून घ्या. औषधांच्या खोक्यावर "काचबिंदू असल्यास घेऊ नये" असं छापलेलं असतं (सर्दीच्या गोळ्या, पोटातल्या मुरड्याची औषधं). तो इशारा मुख्यतः अरुंद कोनवाल्यांसाठी असतो. खुल्या कोनाच्या रुग्णाने त्याला घाबरून औषध टाळण्याची सहसा गरज नसते, डॉक्टरांना विचारून घ्यावं एवढंच.

बंद कोनाचा अचानक झटका आला तर निवडीला वाव राहत नाही. डोळा लाल, भयंकर दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, नजर धूसर आणि जोडीला उलट्या. उलट्यांमुळे लोक पित्त किंवा अर्धशिशी समजून एक रात्र काढतात. तेवढ्यात दाब (एरवी १० ते २१) ४०-६० पर्यंत चढलेला असू शकतो आणि नस झपाट्याने खराब होते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे ॲसिटाझोलामाइड, थेंब आणि गरज पडली तर शिरेतून मॅनिटॉल देऊन दाब उतरवतात. मग आयरिसला बारीक छिद्र पाडणारा लेझर करतात, आणि तोही दोन्ही डोळ्यांना, कारण दुसऱ्या डोळ्याचा कोनही बहुधा तसाच असतो.

निदान पक्कं आहे का?

दाब साधारण १० ते २१ मिमी (पाऱ्याचा) असला की त्याला सामान्य म्हणतात. पण दाब १६ असूनही नस सुकणारे रुग्ण आहेत आणि २५ असूनही वर्षानुवर्षं ठणठणीत असणारेही आहेत. शिवाय दाब मोजताना कॉर्नियाची जाडी आड येते. पातळ कॉर्नियावर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. नागपूरजवळच्या गावांत झालेल्या मोठ्या नेत्रसर्वेक्षणात कॉर्नियाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन आढळली. पाश्चात्त्य पुस्तकांत सरासरी ५४० च्या आसपास धरलेली असते. आपल्याकडे "दाब तर नॉर्मल आहे" या वाक्यावर निर्धास्त होणं म्हणूनच बरं नाही. पॅकीमेट्री, म्हणजे ही जाडी मोजणं, एकदाच केली तरी पुरते.

ओसीटीचा, म्हणजे नसेच्या थराची जाडी मोजणाऱ्या स्कॅनचा, कागद लाल रंगाने भरलेला दिसला की लोक घाबरतात. मोठा मायनस नंबर असलेल्यांच्या डोळ्याची रचनाच वेगळी असते, त्यामुळे यंत्र आजार नसतानाही लाल दाखवू शकतं. फील्ड टेस्टचंही, म्हणजे नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीचंही, तसंच आहे. पहिल्या वेळी बटण कधी दाबायचं याचा अंदाज नसतो, पापणी खाली येते, थकवा येतो. म्हणून पहिलं खराब फील्ड पाहून आयुष्यभराचा उपचार सुरू करू नये, ते पुन्हा करावं. ओसीटी, फील्ड आणि डॉक्टरांनी नसेवर पाहिलेला खळगा ही तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर निदान पक्कं.

दाब वाढलेला पण नस आणि फील्ड स्वच्छ, अशी स्थिती असेल तर चौथा पर्यायही आहे: थांबून पाहणं. अमेरिकेतल्या ओएचटीएस या चाचणीत अशा लोकांपैकी पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांत ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना. म्हणजे थेंबांनी धोका निम्मा झाला, पण बिनउपचाराचेही दहापैकी नऊ ठीक राहिले. कॉर्निया पातळ, वय जास्त, घरात काचबिंदू असेल तर उपचाराकडे झुकावं. नसेल तर सहा महिन्यांनी तपासणी चालते, पण ती चुकवायची नाही.

खुला कोन: थेंब विरुद्ध लेझर

बहुतेकांना आजही पहिल्यांदा थेंबच मिळतात. सुरुवात साधारण प्रोस्टाग्लँडिन गटाने होते (लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट). रात्री एक थेंब, दाब सुमारे २५ ते ३३ टक्के उतरतो. पापण्यांचे केस लांब होणं, पापणीची कातडी काळवंडणं, डोळा लाल दिसणं आणि काही वर्षांत डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा खोल जाणं, ही त्याची किंमत. एकाच डोळ्याला चालू असेल तर हा फरक आरशात चांगलाच खुपतो. टिमोलॉल ०.५ टक्के स्वस्त आणि जुनं आहे, पण दमा, मंद नाडी किंवा हार्ट ब्लॉक असणाऱ्यांनी ते टाळावं. डोळ्यातला थेंब नाकातून रक्तात जातो हे लोकांना माहीत नसतं. छातीच्या डॉक्टरांना "मी कुठलंही औषध घेत नाही" असं सांगणाऱ्याच्या खिशात टिमोलॉलची बाटली असते. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते, काहींना काही महिन्यांनी डोळ्याची ॲलर्जी होते. लहान बाळांना ते देत नाहीत. डॉर्झोलामाइडने चुरचुरतं आणि तोंड कडू होतं.

थेंबांचं खरं दुखणं मात्र औषधात नाही, रोजच्या रोज टाकण्यात आहे. २.५ मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब निघतात आणि दोन डोळ्यांना महिन्याला ६० लागतात. चार-पाच थेंब गालावर पडले तर निभतं, रोज दोन-दोन पडले तर बाटली विसाव्या दिवशीच संपते. मग पुढची आणेपर्यंत दहा दिवस खाडा. टाकायची पद्धत अशी: हात धुवा, मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, एकच थेंब. डोळ्यात एकापेक्षा जास्त मावतच नाही. मग डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध डोळ्यात राहतं, रक्तात कमी जातं. दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटं सोडा. बाटलीचं तोंड पापणीला लावू नका. उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकून द्या, औषध उरलं असलं तरी. डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन दिवस नेमाने थेंब टाकायचे आणि एरवी विसरायचे, असं करणाऱ्याचा दाब दवाखान्यात छान येतो आणि फील्ड दरवर्षी ढासळतं. मग औषध कमी पडतंय समजून डॉक्टर दुसरी बाटली वाढवतात. खाडे झाले असतील तर सांगून टाका. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

याला पर्याय एसएलटी नावाचा लेझर. बधिर करणारा थेंब, भिंग टेकवून जाळीवर सगळ्या बाजूंनी सुमारे १०० हलके शॉट, पाच-दहा मिनिटं. तासाभराने दाब पुन्हा पाहतात, कारण काहींचा तेवढ्यापुरता वाढतो. एक-दोन दिवस थोडी जळजळ होऊ शकते. परिणाम लगेच दिसत नाही, सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं, म्हणून "लेझर फेल गेला" असं आठवड्यात ठरवू नका. दाब साधारण २० ते ३० टक्के उतरतो, काही वर्षांत परिणाम ओसरतो आणि मग पुन्हा करता येतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या लाइट या चाचणीत नव्याने निदान झालेल्यांना एकतर थेंब, नाहीतर थेट लेझर दिला. तीन वर्षांनी लेझरवाल्यांपैकी ७४ टक्क्यांना एकही थेंब लागत नव्हता. या काळात लेझर गटात काचबिंदूची शस्त्रक्रिया कुणालाच लागली नाही, थेंब गटात ११ डोळ्यांना लागली. सहा वर्षांनीही लेझर गटातले सुमारे ७० टक्के थेंबांशिवाय होते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. कोन खुला, आजार सुरुवातीचा किंवा मध्यम आणि पुढची वीस-तीस वर्षं काढायची असतील तर लेझरचा विचार थेंबांआधी करावा, थेंब हरल्यावर नव्हे. एकरकमी खर्च जड वाटतो, पण वर्षाच्या बारा-तेरा बाटल्यांची बेरीज करून शेजारी ठेवा. जिथे थेंब बरे: कोनाची जाळी दिसत नसेल, डोळ्याला आतून सूज येऊन गेली असेल, किंवा नियमित थेंब टाकणारं माणूस घरात असेल आणि दाब एका औषधावर छान बसला असेल. चालू गाडी मोडायचं कारण नाही.

अरुंद किंवा बंद कोन

इथे एसएलटी जवळजवळ बाद. पर्याय आहे आयरिसला याग लेझरने बारीक छिद्र पाडणं, म्हणजे इरिडॉटॉमी, किंवा नैसर्गिक भिंगच काढणं. वय वाढतं तसं भिंग जाड होतं आणि आयरिसला पुढे ढकलतं. भिंग काढलं की जागा मोकळी होते.

कोन फक्त अरुंद आहे, दाब आणि नस ठीक आहे, अशा प्रत्येकाला छिद्र पाडायची घाई नको. चीनमधल्या ग्वांगझू इथल्या झॅप चाचणीत सहा वर्षांत अशा लोकांना त्रास होण्याचं प्रमाणच फार कमी निघालं. लेझरने ते आणखी घटलं, पण सरसकट करण्याइतका फायदा दिसला नाही. मात्र मधुमेहामुळे वारंवार बाहुली मोठी करून मागचा पडदा (रेटिना) तपासावा लागतो, एकच डोळा चांगला आहे, घरात कुणाला झटका आला आहे, किंवा डोळ्यांचा दवाखाना दोन तासांवर आहे, अशांनी करून घ्यावं.

दाब ३० च्या वर गेला आहे किंवा बंद कोनाने नसेला इजा झाली आहे आणि वय पन्नाशीपुढे आहे, तर ईगल नावाच्या चाचणीच्या निष्कर्षाप्रमाणे मोतीबिंदू नसला तरी भिंग काढणं हे छिद्र पाडण्यापेक्षा सरस ठरलं. पस्तिशीच्या माणसाला हा हिशोब लागू नाही, कारण भिंग गेलं की जवळचं पाहण्याची ताकदही जाते.

शस्त्रक्रिया केव्हा, आणि कोणती

थेंब आणि लेझर दोन्ही करून दाब ठरवलेल्या आकड्यावर येत नाही, किंवा येऊनही फील्ड घसरतंय, तेव्हा शस्त्रक्रिया. निदानाच्या वेळीच आजार फार पुढे गेला असेल तरीही. ब्रिटनमधल्या टॅग्ज चाचणीत अशा रुग्णांत दोन वर्षांनी शस्त्रक्रियेने दाब सरासरी १२ च्या आसपास आला, थेंबांनी १५ च्या.

ट्रॅबेक्युलेक्टॉमीत वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात झाकणासारखा कप्पा करून पाण्याला नवी वाट देतात. वर छोटा फुगा तयार होतो, त्याला ब्लेब म्हणतात. शरीर ही वाट जखम समजून बुजवायला बघतं, म्हणून शस्त्रक्रियेत मायटोमायसिन लावतात. पहिले चार-सहा आठवडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. टाके लेझरने सैल करणं, मालिश, थेंब बदलणं हे सगळं तेव्हाच होतं, आणि निकाल जितका ऑपरेशन टेबलावर ठरतो तितकाच या आठवड्यांत. ज्यांना इतक्या फेऱ्या जमणार नाहीत त्यांनी हे आधीच सांगावं. पाणी जास्त झिरपलं तर दाब फार खाली जातो आणि नजर धूसर होते, कमी झिरपलं तर दाब पुन्हा चढतो. ब्लेबला जंतुसंसर्गाचा धोका आयुष्यभर राहतो. दहा वर्षांनीही डोळा लाल, दुखरा, चिकट झाला तर त्याच दिवशी दाखवा, मेडिकलमधून थेंब आणून वाट पाहू नका.

आधीची शस्त्रक्रिया बुजली, डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या आल्या किंवा पांढऱ्यावरची त्वचा चट्ट्यांनी आवळली, तर नळी बसवतात. अहमद व्हॉल्व्हला झडप असते, त्यामुळे दाब लगेच उतरतो, पण काही आठवड्यांत मध्येच चढण्याचा टप्पा येतो. मदुराईच्या ऑरोलॅबची एएडीआय ही झडप नसलेली आणि स्वस्त नळी आहे. ती धाग्याने बांधून ठेवतात आणि धागा साधारण पाच-सहा आठवड्यांनी विरघळला की उघडते. तोवर थेंब चालू ठेवायचे. उघडल्यावर दाब एकदम खाली जाऊ शकतो म्हणून त्या सुमारास तपासणी चुकवू नका. अखेरचा दाब झडप नसलेल्या नळीने बहुधा जास्त खाली राहतो. आयस्टेंटसारखी सूक्ष्म उपकरणं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर बसवतात. ती सुरक्षित आहेत, पण दाब थोडाच उतरवतात. पुढे गेलेल्या काचबिंदूत त्यांवर पैसे घालू नयेत.

काही प्रकारांत निवड वेगळीच

स्टेरॉइडमुळे वाढलेल्या दाबात आधी स्टेरॉइड बंद, तेही डॉक्टरांना विचारून. उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून मुलांना मेडिकलमधून आणलेले थेंब, चेहरा उजळवणारी स्टेरॉइडची मलमं, हे त्याचे नेहमीचे मार्ग. मधुमेहातून आलेल्या काचबिंदूत मागच्या पडद्यावरचा लेझर आणि इंजेक्शनं आधी लागतात. बाळाचे डोळे मोठे दिसत असतील, पाणी येत असेल आणि ते उजेडाकडे पाहत नसेल तर थेंब फार तर तात्पुरते, इलाज शस्त्रक्रियाच.

शीर्षासनाने डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, तेव्हा कुठलाही पर्याय निवडला असला तरी ते आसन सोडा. मध, तूप किंवा कुठलाही घरगुती अर्क डोळ्यात घालू नका. चालणं, पोहणं चालतं, फक्त ब्लेब असणाऱ्यांनी पोहण्याआधी विचारावं. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीच्या आत एकदा नस आणि कोन तपासून घ्या. आणि फील्डचे सगळे जुने कागद, खराब आलेलं पहिलंसुद्धा, फायलीत जपा. आजार पुढे सरकतोय की नाही हे डॉक्टर बदलल्यावरही त्याच कागदांवरून ठरतं.