ऐकल्या-वाचल्याची नोंद: ब्लॉगर घ्यावं की ह्यूगो?

रात्रीच्या पाळीची थ्री-फेज लाईन आली, मोटर सुरू झाली, की धुऱ्यावर बसून एखादा टेक पॉडकास्ट ऐकून होतो. आठवड्याने मात्र त्यातली कामाची गोष्ट कोणत्या भागात होती ते आठवत नाही. वाचलेल्या लेखांचंही तेच. ही नोंद स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायची तर फुकटचे दोन मार्ग गावातूनही जमतात: गूगलचं ब्लॉगर, किंवा ह्यूगोने (साध्या फाइलींपासून वेबसाइट तयार करणारं फुकटचं सॉफ्टवेअर) साइट बनवून ती गिटहब पेजेसवर (गिटहब या फाइली ठेवायच्या संकेतस्थळाची फुकट वेबसाइट-सेवा) ठेवणं.

ब्लॉगरला दहा मिनिटं पुरतात. जीमेल खातं असलं की झालं. अडचण रेंजची. त्याचा एडिटर ब्राउझरमध्ये, म्हणजे नेटवरच चालतो. लिहिता लिहिता टॉवरची लाईन गेली तर शेवटचा परिच्छेद हातचा जाऊ शकतो. म्हणून मजकूर आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा, मग चिकटवा. दुसरी खोच पत्त्याची. शीर्षक निव्वळ मराठीत असलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा टाकतं. प्रकाशित करण्याआधी परमालिंक, म्हणजे नोंदीचा कायमचा पत्ता, या सेटिंगमध्ये इंग्रजी अक्षरांत स्वतःचा पत्ता द्या.

ह्यूगोत प्रत्येक नोंद म्हणजे एक साधी मार्कडाउन फाइल, म्हणजे शीर्षक, ठळक अक्षरं वगैरे साध्या खुणांनी दाखवणारा निव्वळ मजकूर. ती वावरात, नेट नसताना लिहायची आणि रेंज आली की पाठवायची. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे हजार चिन्हांची नोंद जेमतेम ३ केबी. ६४ केबीपीएसचा तासाभराचा पॉडकास्ट मात्र २९ एमबीच्या आसपास जातो. नेटपॅक संपतो तो ऐकण्यात.

ह्यूगोच्या मांडणीला पहिल्यांदा दोन संध्याकाळी लागतील. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स (फोनवर लिनक्ससारख्या कमांड चालवणारं अ‍ॅप) चालतं. ते एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपांच्या स्टोअरवरून घ्या आणि त्यात गिट (फाइलींतले बदल नोंदवून गिटहबला पाठवणारं साधन) व ह्यूगो बसवा. पहिली पुश, म्हणजे फाइली गिटहबला पाठवणं, बहुतेकांची अडते ती पासवर्डपाशी: ऑगस्ट २०२१ पासून गिटहब तिथे पासवर्ड घेत नाही, टोकन (पासवर्डऐवजी गिटहबवरून काढायची लांब गुप्त अक्षरं) किंवा एसएसएच की (तुमच्या यंत्रावर ठेवलेली डिजिटल किल्ली) लागते.

त्याहून चकवणारी चूक वेळेची आहे. नोंदीत सकाळचे ८ लिहिले आणि टाइमझोन दिला नाही, तर ह्यूगो ते ८ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड. साइट लगेच तयार केली तर ही नोंद त्याच्या दृष्टीने भविष्यातली ठरते आणि गाळली जाते. एररही येत नाही, आणि साइट पुन्हा तयार होईपर्यंत नोंद दिसत नाही. वेळेला लागून +०५:३० जोडा, नाहीतर सेटिंगमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता ठेवा. शिवाय फुकटच्या खात्यात पेजेससाठी रेपो, म्हणजे गिटहबवरचा तुमच्या फाइलींचा साठा, सार्वजनिकच ठेवावा लागतो. ड्राफ्ट म्हणून ठेवलेली नोंद साइटवर नसली तरी रेपोत कुणीही वाचू शकतो.

नोंद कुठेही ठेवा, पॉडकास्टचा नुसता मिनिट लिहून भागत नाही. पुष्कळ पॉडकास्टांत जाहिराती डाउनलोडच्या वेळी भरल्या जातात, त्यामुळे तुमच्याकडे २३:१० ला आलेलं वाक्य दुसऱ्याकडे दीड मिनिट पुढे-मागे सापडतं. मिनिटाशेजारी ते वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहाच. लेखाची लिंक वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) जतन करून तो पत्ताही सोबत द्या.

फक्त फोन असेल आणि आजच सुरू करायचं असेल तर ब्लॉगर चांगलं, पण महिन्यातून एकदा गूगल टेकआउटने (गूगलमधला आपला डेटा उतरवायची सोय) प्रत उतरवून ठेवा, कारण अशा सेवा बंदही पडतात. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, लेख जतन करायचं पॉकेट जुलै २०२५ मध्ये. आठवड्यातून एकदा लॅपटॉपवर बसणं होत असेल, तर आमचं मत ठामपणे ह्यूगोला. गिटहब उद्या नको झालं तरी सगळ्या फाइली तुमच्याच लॅपटॉपवर असतात. आज ब्लॉगर घेऊन पुढे ह्यूगोवर जायचा विचार असेल, तर लेबलं आठ-दहाच ठेवा आणि पहिल्या ओळीत दरवेळी तारीख, नाव, लिंक हाच क्रम पाळा. मग शंभरेक नोंदी एका दिवसात हातानेसुद्धा हलवता येतात.