पाच चॅनलचा पॉवर ॲम्प, खाऱ्या हवेत दहा महिने

घर पावसजवळ, समुद्र चालत दहा मिनिटांवर. भिंती चिऱ्याच्या, वर कौलं, आणि ज्या खोलीला मी थिएटर म्हणतो तिथे आजोबांच्या काळापासून आंब्याच्या अढ्या लागतात. खोली १८ बाय १३ फूट. एप्रिल-मेमध्ये अजूनही निम्मी जागा पेट्या अडवतात, आणि त्या दोन महिन्यांत पिक्चरला हापूसचा वास फुकट मिळतो.

सुरुवात मागच्या गणपतीत झाली. मुंबईहून चाकरमानी भाऊ-पुतणे आलेले, आरती-जेवणं आटोपून पिक्चर लावला, आणि ऐन मारामारीत रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं खोकं) टक् करून बंद. पडद्यावर अंधार, रिसीव्हरवर ‘प्रोटेक्ट’. टेबल फॅन लावून दहा मिनिटं गार केला, चालू केला, परत बंद. पुतण्या म्हणाला, “काका, ह्याला वारा घालत बसण्यापेक्षा नवीन घ्या ना.”

रिसीव्हरच्या खोक्यावर १०० वॅट छापलंय. बारीक अक्षर वाचलं तर तो आकडा ८ ओहमवर, दोनच चॅनल, म्हणजे दोनच स्पीकरच्या वाटा, चालू असताना मोजलेला. माझे समोरचे तिन्ही स्पीकर ४ ओहमचे, म्हणजे जास्त करंट ओढणारे, शिवाय सराउंड दोन आणि छताचे दोन. सातही जण एकाच ट्रान्सफॉर्मरकडे हात पसरणार. रिसीव्हरला प्री-आउट (कच्चा सिग्नल बाहेर काढायची भोकं) होते, म्हणून तो तसाच ठेवून बाहेरून पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकरना ताकद देणारं वेगळं यंत्र, जोडायचं ठरवलं.

किती वॅट, हा हिशेब वहीवर केला. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी (डेसिबल), म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर तेवढा आवाज. ४ ओहमला हे २ वॅट झाले. मी बसतो ११ फुटांवर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात; खोलीत भिंती थोडं परत देतात, म्हणून मी अंदाजाने ८ डीबी वजा धरले. उरले ७८. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला, म्हणजे थिएटरच्या ठरलेल्या आवाजाला, एका चॅनलचा कमाल आवाज १०५ डीबी धरतात. मधलं अंतर २७ डीबी, म्हणजे पाचशे पट. एका स्पीकरला हजार वॅट! वही मिटून चहा प्यायलो.

पण रेफरन्सला ऐकतो कोण? भिंतीपलीकडे माजघरात आई झोपते. माझा आवाज फार तर उणे १२ वर, म्हणजे रेफरन्सच्या १२ डीबी खाली, जातो. मग कमाल ९३ डीबी, अंतर १५, साधारण ३२ पट, म्हणजे ६४ वॅट. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) उचलतो, तो भाग वेगळाच. थोडक्यात मला २५० वॅटचा राक्षस नको होता; ४ ओहमवर न कुरकुरता, पाचही चॅनलना एकदम ६०-७० वॅट देणारं यंत्र हवं होतं. दुकानात १००च्या जागी १५० वॅट घ्या म्हणतात, तो फरक पावणेदोन डीबीचा असतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

यात दुकानदार न सांगणारी एक गोष्ट म्हणजे आपली लाईट. संध्याकाळी सात ते दहा आमच्याकडे मीटरवर १८५ व्होल्ट दिसतात. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पमध्ये आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात खाली येतं, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. २३०चे १८५ झाले की १०० वॅटचे ६५ उरतात, आणि पिक्चर बघायची वेळ नेमकी तीच.

आधी क्लास एबीचा, म्हणजे जुन्या, तापणाऱ्या पद्धतीचा, एक सात चॅनलवाला चार दिवस घरी आणून बघितला. वजन ३२ किलो, दोघांनी उचलून रॅकवर चढवला. आवाज उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण बटण दाबलं की दर दोन वेळांत एकदा एमसीबी पडायचा. मोठा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो. काहींमध्ये तो रोखायला सॉफ्ट स्टार्ट असतो, ह्यात नसावा. काही न वाजवता नुसता चालू ठेवला तरी ११० वॅट खात होता. परत पाठवला.

शेवटी क्लास डीचा पाच चॅनलवाला घेतला. एक लाख चाळीस हजार, वजन ९ किलो, नुसता चालू असताना ३४ वॅट. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे बिघाडाची गोष्ट येणार आहे आणि त्यात निम्मा दोष आमच्या हवेचा आहे. क्लास डी म्हणजे डिजिटल असा गैरसमज आहे. आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू-पूर्ण बंद होतात, अर्धवट अवस्थेत तापत बसत नाहीत, म्हणून उष्णता कमी. घेण्याआधी बनवणाऱ्याला एकच प्रश्न विचारला: पॉवर सप्लाय रेग्युलेटेड (लाईट पडली तरी आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणारा) आहे का, १८० व्होल्टला पूर्ण पॉवर मिळेल का? सगळ्या क्लास डीमध्ये मिळेलच असं नाही. छताचे दोन स्पीकर रिसीव्हरवरच ठेवले.

पहिल्या संध्याकाळी सगळे “वा!” म्हणाले. मी आवाज मोजला, तर नवीन पाच चॅनल छताच्या दोघांपेक्षा ३ डीबी मोठे निघाले. ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, जास्त, बाकी काही नाही. माइक लावून कॅलिब्रेशन (सगळ्या स्पीकरची पातळी जुळवणं) पुन्हा केलं आणि निम्मा “वा” गेला.

दुसऱ्या दिवशी खरी डोकेदुखी. ट्वीटरमधून (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भोंगा) बारीक गुणगुण, आणि ॲम्पच्या कव्हरला उलटा हात लावला की झिणझिण्या. एकेक वायर उपटत गेलो. टीव्हीच्या छत्रीची केबल काढली की गुणगुण निम्मी. वायरमनला बोलावलं. त्याने यंत्र लावून अर्थिंग मोजलं, ४० ओहम. वडिलांच्या वेळचा पाइप, थेट जांभ्यात ठोकलेला. तो म्हणाला, “काका, जांभ्यात पाणी थांबत नाय. पावसात हे चालेल, मे महिन्यात ही अर्थिंग नुसती शोभेची.” असल्या ॲम्पच्या स्विचिंग पॉवर सप्लायमधून थोडा करंट कव्हरकडे झिरपतच असतो. त्याला जमिनीत जायला नीट वाट नसली की तो सिग्नलच्या केबलवरून दुसरीकडे वाट काढतो, आणि तीच गुणगुण.

नवीन खड्डा न्हाणीच्या पाण्याजवळ, अळवाच्या वाफ्यात घ्यायचं ठरलं. तिथे बारमाही ओल असते. वायरमन कोळसा-मीठ भरणार म्हटल्यावर आई बाहेर आली. “मिठानं माझं अळू जाईल, दुसरं काय ते घाल.” मग बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या मातीची) पोती आणली. आई अळवासाठी भांडली, पण मिठाने पाइपही लवकर गंजतो, हे वायरमनने नंतर कबूल केलं. खर्च साडेसहा हजार. अर्थिंग ६ ओहमवर आलं, मेमध्ये परत मोजलं तर ९. ॲम्प, रिसीव्हर, सबवूफर, टीव्ही सगळं एकाच बोर्डावर घेतलं आणि मागे ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवला. झिणझिण्या गेल्या, ट्वीटरला कान टेकवला तर ऐकू येईल एवढीच फुसफुस राहिली. गुणगुण घालवायला तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून टाका असं सांगणारे भेटतील. त्यांना घरात घेऊ नका.

जुलैमध्ये मधला चॅनल मुका झाला. बाहेर आठ दिवस सूर्य नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी. ॲम्प खोक्यात भरला, खांद्यावर टाकून स्टँडवर नेला आणि एसटीच्या पार्सलने पुण्याला धाडला. ३२ किलोवाल्याचं काय केलं असतं, देव जाणे. परत यायला २६ दिवस लागले, त्यात वीस फोन माझे. आतल्या एका कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, एवढंच निदान. क्लास एबी असता तर रत्नागिरीतल्या कुणा मेकॅनिकने ट्रान्झिस्टर बदलून दिला असता. माझ्यासारख्या मॉड्यूलवाल्या, म्हणजे तयार बोर्ड बसवलेल्या, ॲम्पला ती सोय नाही. आणि एबी स्वतःच्या उबेने आतली ओल सुकवतो, हेही त्याच्या बाजूने.

पण त्या २६ दिवसांत रिसीव्हर पुन्हा एकटा सातही चॅनल ओढत होता, आणि तुलना आपोआप झाली. रात्री उणे २५ला बातम्या, मालिका, जुनी नाट्यगीतं: मला काडीचा फरक कळला नाही. उणे १२ला मात्र कळला. शिमग्यात पालखीपुढचा ढोल मी रेकॉर्डरवर घेतलेला आहे. ॲम्पवर थाप पडते आणि लगेच कातडं थरथरल्याचं ऐकू येतं. रिसीव्हरवर थाप नुसती बसकी, आणि वरून ताशा कर्कश. पिक्चरमध्ये गोंगाट सुरू झाला की संवाद मागे ढकलले जायचे. तासाभरात रिसीव्हरचं झाकण हात ठेववेना इतकं तापलं.

परत आल्यापासून मी तीन गोष्टी करतो. पावसाळ्यात रोज तासभर ॲम्प वाजतो, कुणी ऐको न ऐको. केबलची टोकं महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसतो, आणि स्पीकरला आता कथिल चढवलेली तांब्याची वायर आहे. आधीची सालटं काढल्यावर आतपर्यंत काळी निघाली. रॅकच्या मागे नायलॉनची जाळी लावली ती पालींसाठी. ऊब शोधत त्या आत शिरतात आणि दोन टोकांना चिकटून मरतात, त्यांच्यासोबत बोर्डही. ॲम्पला पंखा नाही ते एक बरं, नाहीतर खारी हवा त्यानेच आत ओढली असती. वीज कडाडायला लागली की ॲम्पचा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढतो.

आठवड्याने गणपती. पुतण्या परवा फोनवर विचारत होता, यंदा तरी पिक्चर पूर्ण होईल ना. होईल म्हटलं, पण टेबल फॅन पुसून रॅकच्या शेजारी ठेवलाय.